तीन महिने गुहेतच

मी माजलगावच्या अदिबाआपाच्या ओसरीतला फळा. कालपर्यंत माझं एकच म्हणणं होतं, मला कोणीतरी पुसा.

मी मूळचा टेम्पोच्या मागचा फाळका. आपाचा धाकटा भाऊ आमेर गॅरेजात काम करतो. त्यानंच मला घासून काळा रंग दिला. संध्याकाळी आपा गल्लीतल्या पोरांना दीनच्या, म्हणजे धर्माच्या गोष्टी शिकवायची. माझ्यावर माणसांची चित्रं काढायची नाही. नुसते ठिपके आणि रेघा. तेवढ्यावर पोरं दंग व्हायची.

शेवटचा धडा हिजरतचा, हुजूर पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले त्याचा. खाली मक्का, वर मदिना. पण दुश्मन मागावर होते, म्हणून हुजूर आणि अबू बक्र आधी उलट्या दिशेला गेले, सौर डोंगरातल्या गुहेत थांबले. आपानं रेघ गुहेपर्यंत आणली आणि "बाकीचं उद्या" म्हणाली. अंगात ताप होताच. आठवड्यात ती गेली.

तेव्हापासून आमेर मला कुणाला पुसू देत नव्हता. बरं, शिकवायला हाच बसायचा, चौथीत शाळा सोडलेला. रोज गुहेपर्यंत यायचा आणि चप्पल घालून चालता व्हायचा. पंधरा पोरांची चार उरली. माझा नुसता संताप व्हायचा. अरे, मी फळा आहे, कबर नाही.

काल जिनतला घेऊन तिची आई अकबरी आली.

"आमेरभाई, सोमवारपासून हिला दुसरीकडं घालते."

"कावून? शिकवतोय की मी."

"काय शिकवताय? तीन महिने झाले."

सात वर्षांची जिनत म्हणाली, "अम्मी, हुजूर गुहेत तीनच दिवस होते. मामूनं तीन महिने ठिवलंय."

"गप बस."

"इतके दिवस जेवण कोण आणत असंल?"

आमेर खाली बघत म्हणाला, "अस्मा आणायच्या. अबू बक्रांची लेक. आपानं सांगितलंतं मला."

"मंग मदिनेला कवा जायचं?"

आमेरनं खडू उचलला. रेघ लई वाकडी गेली, खडू दोनदा मोडला. मक्क्याला वळसा घालताना बाहीनं आपाचं अक्षर फरफटलं. तो थिजला. आता हा जाणार, मी म्हटलं.

"पुढं, मामू," जिनत म्हणाली.

रेघ मदिनेला पोचली.

"आता हुजूरनी तिथं मशीद बांधली. ती कुठं काढायची? जागाच न्हाई," जिनत म्हणाली.

"फडकं भिजवून आण," आमेर म्हणाला.

त्यानं सगळं पुसलं. हात गुहेपाशी अडला, तेवढी राहिली, खाली कोपऱ्यात, बोराएवढी. राहू दे. बाकी जागा पुष्कळ आहे. अकबरी, सोमवारी पोरीला इथंच पाठव.