कार्नोच्या रेषेवरचे ठिपके

रुचिताने कागद टेबलावर ठेवला तेव्हा मयूरीचा पहिला राग तिच्यावरच निघाला. पीएचडीच्या व्हायव्हाला नऊ दिवस उरले होते, आणि परवा लॅबमध्ये आलेली ही ज्युनिअर तिच्या छापून आलेल्या पेपरातली चूक दाखवत होती.

“दीदी, मतलब, मी तुमचाच प्रोग्राम पुढे चालवला. दोन टोकांच्या तापमानातला फरक खूप वाढवला की आलेखातले ठिपके कार्नोच्या रेषेच्या वर जातात.”

“तुझंच काहीतरी चुकलं असेल. जा.”

रुचिता गेली. कागद राहिला. कार्नोची रेषा ही उष्णतेवर चालणाऱ्या प्रत्येक इंजिनाची हद्द; ती ओलांडली तर फुकटात काम निघालं म्हणायचं. मयूरीचं इंजिन धुळीच्या कणाहूनही लहान होतं. एक गरम टोक, एक थंड टोक, मध्ये क्वांटम डॉट नावाचा अतिसूक्ष्म कण, आणि त्यातून एकेक करून पलीकडे जात वीज तयार करणारे इलेक्ट्रॉन.

दुपारभर समीकरणं उपसल्यावर चूक हाती लागली. गरम टोकातून निघणारी उष्णता त्याच टोकाच्या ऊर्जापातळीपासून मोजायची असते. तिने ती दोन्ही टोकांच्या मधल्या पातळीपासून मोजली होती, त्यामुळे खर्ची पडलेली उष्णता कमी दिसत होती. समतोल जेमतेम ढळलेला, म्हणजे दोन टोकांत फारसा फरक नसताना याने काही बिघडत नाही. पण तिचा पेपरच मुळी समतोलापासून फार दूर काय होतं, त्यावर होता.

ती तडक चारुलता मॅडमच्या केबिनमध्ये गेली. त्या तिच्या गाइड. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला.

“अगं, दोन्ही परीक्षकांनी वाचलाय प्रबंध. कुणाच्या लक्षात आलं नाही.”

“पण चूक आहे, मॅडम.”

“असेल. व्हायव्हा होऊ दे, मग बघू. माझ्या बढतीच्या फाइलमध्ये हाच पेपर सगळ्यात वर आहे.”

“त्या टोकाला आकडे विचित्र येतात, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. आलेख तिथेच तोड, असं तुम्ही म्हणालात!”

“आणि तोडला कुणी?”

मयूरीचे कान तापले. तोडला तिनेच होता. दार आपटून ती बाहेर पडली. ई-रिक्शावाल्या भैयाशी रस्ताभर विनाकारण भांडली.

रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये तिची आई लताबाई फोनवर भुसावळच्या नातेवाइकांना व्हायव्हाची तारीख सांगत होत्या. घरातली पहिली डॉक्टरेट. वडील, जनार्दन, नुकतेच ड्यूटीवरून आले होते. गाडी सुटण्याआधी डब्यांची चाकं, ब्रेक तपासायचे, हे त्यांचं काम. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते आपल्याच बाजूने बोलणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती.

“नऊ दिवस गप्प राहा,” ते म्हणाले.

“पप्पा, तुम्ही म्हणता हे? चाकाला तडा दिसला म्हणून गाडी रोखून धरली होती ना तुम्ही?”

“धरली होती. त्यापायी चार वर्षं प्रमोशन अडकलं. तडा पकडला नसता तर माणसं मेली असती. तुझ्या ठिपक्यांनी कोण मरतंय?”

“म्हणजे कुणी मरणार नसेल तर खोटं चालतं?”

“माझ्यावर आवाज चढवू नकोस!”

“चढवणार!” ती ओरडली. मॅडमपेक्षाही त्यांचाच राग तिला जास्त आला. ती जेवली नाही.

सकाळी नऊ वाजता तिने जर्नलला आणि दोन्ही परीक्षकांना एकाच वेळी पत्र पाठवलं: चूक अशी, जागा ही, आलेख तोडला तो मी. मॅडमचं नाव तिने त्यात घातलं नाही, आणि त्याचाही तिला दिवसभर राग येत राहिला.

व्हायव्हा रद्द झाला. प्रबंधाची दोन प्रकरणं नव्याने लिहायला आठ महिने लागले. मॅडम तिच्याशी फक्त ईमेलवर बोलत. जनार्दन तर आठवडाभर बोललेच नाहीत, मग एका संध्याकाळी विचारलं, “नवं उत्तर किती आलं?”

“रेषेच्या बरंच खाली.”

“हं,” एवढंच म्हणाले ते.

रुचिताची माफी मागायला मात्र तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. एके दिवशी तिच्या टेबलापाशी जाऊन ती भांडल्यासारखीच म्हणाली, “तुझं बरोबर होतं. मी वाईट बोलले.”

“ठीक आहे, दीदी,” रुचिता घाबरत म्हणाली. “मग तुमचा त्याआधीचा पेपरही तपासू का? त्यातही उष्णता तशीच...”

मयूरीने दातओठ खाल्ले आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. “उघड,” ती म्हणाली.