राब न भाजणारं घर

टाचणीचा गंज मूळ कागदावर उतरला असणार. छायाप्रतीवर तो नुसता काळा ठिपका. एसटीच्या धक्क्यांत सुलक्षणाचं बोट पुन्हा पुन्हा त्यावरच जात होतं, कारण त्याच्या शेजारची मोडी ओळ तिला वाचता येत नव्हती, आणि सकाळी भोरात मोडी जाणणाऱ्या गंगाधर सरांनी ती एकदा वाचून दाखवल्यापासून विसरताही येत नव्हती. मयताची जुनी नोंद. ठकुबाई, चिमाजीची बायको, वय वीस. राब भाजताना वारा फिरला, भाजून मयत. अंगाखाली मूल रखमाजी, जिवंत.

"हे रखमाजी तुमचे कोण?" सरांनी विचारलं होतं.

कोण म्हणजे... पणजोबा!

हिर्डोशीत सगळे पालापाचोळा नि शेण पसरून जमीन भाजतात, त्या राबावर भाताची रोपं करतात. सुलक्षणाच्याच घरात राब भाजायचा नाही. देवाला चालत नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक. म्हणून दर पावसाळ्यात भावकीच्या दारात रोपं मागायला जायचं नि टोमणे ऐकून घ्यायचे. यंदा धाकट्या धनाजीने पाला रचूनच ठेवला होता. "ताई, तू भोरात नोकरीला, बघ शोधून. देवाचं कायतरी असंल तर गप बसतो. नसंल तर म्या लावणार." तीही मोठ्या फुशारकीने कामाला लागली होती... आणि हाती हे आलं.

देव नव्हताच कुठे. एक बाई होती. घरच्या वंशावळीत तिचं नाव नाही — तिथे बाप नि लेक, एकाखाली एक, जणू बाप्येच बाप्यांना जन्म देत आले!

गाडी धरणाच्या कडेने वळली... पणजोबा अंगणात उन्हाला बसलेले, आणि पाच-सहा वर्षांची ती त्यांच्या मनगटाची सैल कातडी चिमटीत धरून उचलायची, सोडायची, ती हळूहळू खाली बसताना दोघंही हसायचे. कुठे डाग नाही, व्रण नाही. तीच कातडी! तिच्यावर ठकुबाई पालथी पडली आणि उठली नाही. पळाली असती तर कदाचित वाचली असती, वीस वर्षांची पोर... आणि मग आजोबा नाहीत, बाबा नाहीत, धनाजी नाही, मी नाही — या खिडकीशी नुसता वारा. सुलक्षणा थक्क होऊन स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिली.

धनाजी वाफ्याशीच उभा होता, हातात काडेपेटी. वारा पडला होता.

"घावलं?"

"घावलं. देवाचं काय न्हाई त्यात."

"म्हंजी लावू?" त्याचा चेहरा उजळला. किती वर्षांचे टोमणे त्या एका शब्दाने धुऊन निघणार होते! तिने छायाप्रतीची घडी उलगडली, पुन्हा मिटली.

"ताई? लावू ना?"

भीती नव्हती वाटत. उलट, इतकं राखलेलं, इतकं झाकलेलं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पाठीवर कुणाचंतरी वजन होतं, आपल्याहून कितीतरी लहान बाईचं, आणि ते उतरू नये म्हणून ती श्वास धरून तशीच उभी राहिली.