हेल्मरकाकांच्या रायफलीचे पाच मिलिमीटर

मारिता ऑगस्टच्या सुरुवातीला वडिलांची रायफल घेऊन माझ्या बंदूक दुरुस्तीच्या वर्कशॉपात आली. तिचे वडील हेल्मरकाका ऐंशीला टेकलेले, मूस या थोराड हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या आमच्या टोळीत सगळ्यांत जुने. रायफल त्यांच्या बापाची. लाकूड हात लागून लागून काळं पडलेलं, पण नळी आतून लख्ख.

"अकरा काडतुसं उरलीत," मारिता म्हणाली. "ही जात आता कुठल्याच दुकानात मिळत नाही. बाबा ती जपून ठेवतात, सरावाला एक उडवत नाहीत. तीन वर्षं हेच चाललंय. यंदा स्टेलाननं सांगून टाकलंय, पळत्या मूसवर नेम दाखवल्याशिवाय कोणालाही ठिय्या नाही."

स्टेलान आमचा म्होरक्या. माणूस भला, पण एकदा बोलला की बोलला. आणि ठिय्या नाही म्हणजे काकांनी जंगलातला आपला दगड सोडायचा, जिथे ते साठ हंगाम बसलेत.

"मग रायफल नव्या काडतुसांजोगी बदलून टाकू," मी म्हटलं. काम सोपं होतं. जुन्या आणि नव्या काडतुसाची गोळी एकाच जाडीची, फक्त नव्याचं पितळ पाच मिलिमीटर लांब. नळीच्या मुळाशी काडतूस बसतं ते घर तेवढं खोल कोरायचं, की झालं. नवी काडतुसं गावातल्या दुकानातसुद्धा मासे धरायच्या गळांच्या शेजारी रचून ठेवलेली असतात. "धक्का जरा जास्त बसेल, एवढंच."

दुसऱ्या दिवशी काका स्वतः आले. एकटेच. टोपी हातात घेऊन खिडकीशी उभे राहिले.

"बोर्ये, माझं काम मागे ठेव. नोव्हेंबरात दिलंस तरी चालेल."

"नोव्हेंबरात? काका, शिकार सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होते."

"मला शिकवतोस? तू पाळण्यात होतास तेव्हापासून जातोय मी."

मला वाटलं, म्हातारा भिडेपोटी बोलतोय. मी म्हटलं, "तुमच्यासाठी बाकीच्यांची कामं थांबतील." काका कॉफी प्यायले आणि गेले.

अडतीस वर्षांत माझं काम उशिरा निघालं किंवा वाकडं निघालं असं या खोऱ्यात कोणी म्हटलेलं नाही. म्हणून बघावं, मी दार दाखवतो. काकांचं काम मी आठ दिवसांत संपवलं. रीमर, म्हणजे घर कोरायचं हत्यार, हातानं फिरवला, केसाएवढा पुढे, बाहेर काढून पुसायचा, तेल, पुन्हा केसाएवढा पुढे. शेवटी शंभर मीटरवर तीन गोळ्या मारल्या. एका नाण्याखाली तिन्ही झाकल्या गेल्या. मारिताला फोन करून मी हे मुद्दाम सांगितलं. मिरवायची खोड आहे मला.

शनिवारी सगळी टोळी नेमबाजीच्या मैदानावर जमली. ऐंशी मीटरवर रुळांवरून फळीचा मूस पळतो, तो मोकळ्या जागेतून जाईस्तोवर गोळी मारायची. बाकड्यावर कॉफी आणि दालचिनीचे पाव होते. काकांची पाळी आली, तसा मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो, आपलं काम बघायला.

पहिली गोळी मागच्या वाळूत गेली. दुसरी सुटली तेव्हा मूस केव्हाच आडोशाला पोचला होता. तिसऱ्या खेपेला माझं लक्ष त्यांच्या कानाकडे गेलं. सगळ्यांनी दोन्ही कान झाकले होते, काकांनी मात्र एका कानावरचं झाकण वर सरकवलं होतं. रायफल फळीमागे फिरत नव्हती. ती रुळांवरच्या चाकांच्या आवाजामागे फिरत होती.

काकांना दिसत नव्हतं. तीन हंगाम ते दगडावर बसले आणि एकही गोळी न झाडता परत आले. कोणी विचारलं की म्हणायचे, काडतुसं थोडी आहेत, खात्रीचा नेम असल्याशिवाय उडवत नाही. ती अकरा काडतुसं त्यांचा आडोसा होती. तो मी आठ दिवसांत काढून घेतला होता, वर काम वेळेआधी झालं म्हणून खूश होतो.

चौथीही वाळूत गेली. "धक्का फार बसतो," काका खाली बघत म्हणाले.

मग स्टेलान उठला. "आणा काका, मी दोन मारून बघतो. रायफल वाकडी मारते की तुम्ही, ते तरी कळेल." तो हसतच म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

त्यानं एक गोळी मारली असती तरी रायफल सरळ मारते हे सगळ्यांना कळलं असतं. काकांनी रायफल छातीशी धरली होती. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "घर वाकडं कोरलंय मी. घाई केली. ही उडवायची नाही आता."

"नाण्याखाली तीन गोळ्या म्हणाला होतास ना?" मारिता म्हणाली.

"थाप मारली."

"बोर्येचं काम वाकडं निघालं," मागून कोणीतरी म्हणालं. "तारीख लिहून ठेवा रे." सगळे हसले. माझे कान तापले. काकांच्या हातातून मी रायफल घेतली, रिकामी केली आणि पिशवीत घातली.

"म्हणजे यंदा काकांना ठिय्या नाही," स्टेलान म्हणाला.

"बंदूकच नाही तर ठिय्या घेऊन काय करू," काका म्हणाले. "मी टोळीचे निरोप द्यायला रेडिओवर बसतो. कॉफीही बघतो. तुमची कॉफी कोणाच्यानं पिववते." आमच्या खोऱ्यात बंदूक दुरुस्तीला गेली म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

मारिता मात्र गप्प बसेना. "ऐंशी वर्षांच्या माणसाचा एक हंगाम म्हणजे काय, कळतं का तुला? जमत नव्हतं तर घेतलंस कशाला काम?" सगळ्यांसमोर ती मला बोलत होती आणि मी मान खाली घालून ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्याला बोलू नकोस, मारिता," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चूक कोणाच्याही हातून होते."

त्या हातानं त्यांनी माझा खांदा घट्ट दाबला. हात त्यांनी बराच वेळ काढला नाही आणि मीही हललो नाही.