अर्ध्या वाटेत सोडलेली

मित्रांनो, मी एक जुनी चेतापेशी आहे. कुडपण गावच्या दीक्षाच्या मेंदूत राहते आणि वयाने तिच्याहून मोठी आहे. ती आईच्या पोटात जांभळाएवढी होती, तेव्हा मेंदूच्या अगदी आत, पाण्याच्या पोकळीच्या काठी मी जन्मले.

आमच्यात जन्मल्या जागी राहायचं नसतं. मेंदूच्या वरच्या थरात जाऊन घर करायचं आणि आयुष्यभर राबायचं. वर जायला एक लांब धागा असतो, तोही एका पेशीचाच. त्याला बिलगून हळूहळू सरकायचं. आधी निघालेल्या खाली थांबतात, मागून येणाऱ्या त्यांना ओलांडून वर जातात. मीही मोठ्या विश्वासाने निघाले, आणि अर्ध्या वाटेत माझ्या धाग्याने मला सोडलं. का, ते आजवर कळलं नाही. बहिणी दुसऱ्या धाग्यांवरून वर गेल्या. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. माझ्यासारख्या राहिलेल्या आम्ही तिथेच घोळका करून बसलो. तो राग अजून गेलेला नाही.

रिकाम्या बसलेल्यांची कुजबुज वाढतेच. आमचा गलका झाला की दीक्षाला झटका येई. तिची आजी रंगूबाई म्हणे, सुनेने गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतली, त्याचं हे फळ. सून, म्हणजे दीक्षाची आई अनुपमा, ऐकून घेई. पुढे महाडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. झटके थांबले, आम्हीही गप्प झालो.

शिमग्याला दीक्षाचे वडील मंगेश मुंबईहून आले. पोर बरी दिसली. गोळ्या बंद कराव्यात का, म्हणून त्यांनी रंगूबाईंना घेऊन देवाला कौल लावला. मूर्तीला लावलेल्या कळ्यांतली उजवी पडली, म्हणजे होकार. अनुपमा तेव्हा पाण्याला गेली होती; ती परतेपर्यंत गोळ्या बंद करायचं ठरून गेलं होतं. चारसहा दिवसांत आमचा गलका पुन्हा उठला, दीक्षा झटका येऊन चुलीपाशी कोसळली आणि तिचा हात भाजला.

महाडला डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला. त्यात मी होते, करड्या ठिपक्यात. ते म्हणाले, या पेशी पोटातच वाटेत राहिल्या, त्यात आईचा काही दोष नाही. अनुपमा मंगेशना हळू आवाजात म्हणाली,

"देवाला इचारलंत. माला नाय इचारलंत."

मित्रांनो, मला आता कुणी वर नेऊ शकत नाही. गोळी मिळाली की मी शांत असते. कुणाची अशी गोळी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, आणि त्याच्या आईला बोल लावू नका.

मंगेश आता रोज फोन करून विचारतात, गोळी दिली का. अनुपमा फोन दीक्षाच्या हातात देते.