देवा गर्दी होईल

कावेरीकाठच्या मेलकावेरी गावातल्या विठ्ठल मंदिरातलं एकादशीचं कीर्तन नंदिताला पहिल्यांदाच मिळालं होतं. आख्यान तिनं आजोबांनी रचलेलं निवडलं. दर्शनाला आलेल्या विधवेला पुजारी दारातून हाकलतो, आणि तिची हाक ऐकून विठोबाच उंबरा ओलांडून बाहेर येतो. लहानपणापासून तिला तीच जागा सगळ्यात आवडायची.

तालमीला मंदिराचे कारभारी हनुमंतराव येऊन बसले. माणूस मायाळू, पण जरा धास्तीखोर.

"नंदिता, पुजाऱ्याच्या तोंडचा तो शब्द काढ."

"कोणता, काका?"

"माझ्या तोंडून कशाला वदवतेस? कीर्तन मोबाईलवरनं पार पुण्यापर्यंत जातं हल्ली. शिवाय पुढ्यात विशालाक्षी आत्या बसणार. तिला काय वाटेल? मी बदलून आणलंय, हे म्हण."

मूळ पद होतं, 'बोडके, सर मागे, देवा विटाळ होईल.' हनुमंतरावांनी केलं होतं, 'बाई गे, सर मागे, देवा गर्दी होईल.'

मृदंगावरच्या नटराजनं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. नंदितानं तसंच गायलं. पाठोपाठ विधवेचं उत्तर, 'कुंकू गेलें कपाळींचें, विठ्ठल कां गे जाईल?' एरवी अंगावर काटा आणणारं ते पद आज लंगडत आलं.

खांबाशी तुळशीचा हार गुंफत बसलेली विशालाक्षी आत्या म्हणाली, "थांब गं. गर्दी होते म्हणून मागं सर म्हटलं, तर ही बया एवढी रडते कशाला? एवढ्याशा कारणानं देव काय, रखवालदारसुद्धा बाहेर यायचा नाही."

"आत्या, तुझ्यासाठीच बदललं," हनुमंतराव म्हणाले.

"मला विचारलंस?" तिनं हार मांडीवर ठेवला. "नवरा गेला तेव्हा माझे केस कमरेखाली येत होते, हनुमंता. तरी हाच शब्द कानी आला, ह्याच दारात. तो तू खोडलास की म्हणणारा सभ्य होतो, आणि मी उगाच रडकी ठरते."

हनुमंतरावांनी मान खाली घातली, हट्ट मात्र सोडला नाही. "चारचौघांत नको. नंदिता, तो शब्द आला तर मी माइक बंद करीन."

एकादशीला मंडप भरून गेला. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, आख्यान सुरू झालं. हनुमंतराव माइकच्या यंत्रापाशी, हात बटणावर. पद जवळ आलं तशी नंदितानं चिपळ्यांची लय जरा धिमी केली. माइक गेला तर पहिलं कीर्तन इथंच संपलं. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं सावकाश होकाराची मान हलवली.

"बोडके," पुजाऱ्याच्या सगळ्या तोऱ्यानिशी नंदिता गायली, "सर मागे, देवा विटाळ होईल."

टाळ थांबले. हनुमंतरावांचा बटणावरचा हात हलला नाही. आणि नंदितानं उत्तर उचलण्याआधीच विशालाक्षी आत्या खांबाला धरून उभी राहिली. चिरक्या, कापऱ्या आवाजात तिनं पद धरलं, "कुंकू गेलें कपाळींचें..."

मागच्या बायकांनी ते झेललं. नटराजची थाप पडली. तिसऱ्या आवर्तनाला अख्खा मंडप गात होता, आणि नंदिताला फक्त चिपळ्या वाजवायच्या उरल्या.

हनुमंतरावांनी एका हातानं डोळे पुसले. दुसऱ्या हातानं बटण फिरवलं, आवाज चढवायला. पद कावेरीच्या पैलतीराला गेलं असेल.

"आत्या, बस आता," ते जवळ येऊन म्हणाले.

"देव बाहेर येतोय," आत्या म्हणाली, "आणि मी बसू होय?"