चौथ्या गाण्यातली खरखर

धाकट्याच्या अल्बमच्या वेष्टनावर एक करडा चौकोन आणि त्याचं स्वतःचं नाव, एवढंच होतं. बाकीच्यांची नावं घातली की कला बाजारू होते, असं त्याचं मत होतं. अल्बममध्ये फ्रीजची घरघर, जिन्याखालच्या पंपाची धाप, लोखंडी कपाटावर पडणारे थेंब असं बरंच काही होतं, आणि चौथ्या गाण्यात एक बाई शब्दांवाचून गात होती.

ती त्याची वहिनी. घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात त्यानं तिला स्वयंपाकघरात बसवून रेकॉर्ड केलं होतं. ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर स्वरयंत्रही गेलं. आता गळ्याच्या खळगीत एक भोक होतं; त्यातून ती श्वास घ्यायची आणि बोलायचं ते पुसता येणाऱ्या पाटीवर लिहायची. टेलिफोनवर चौकशीची उत्तरं देण्याची नोकरी अर्थातच सुटली.

अल्बम गाजला. पंप आवडणारी माणसं वाटतात त्यापेक्षा पुष्कळ निघाली. ही गाणारी कोण, यावर इंटरनेटवर हातघाई सुरू झाली आणि बहुमत एका थोर गायिकेच्या बाजूनं पडलं. तिनं ऐन भरात गाणं सोडलं होतं, त्यानंतर ती कुणाशी बोलत नव्हती, त्यामुळे ती नाही म्हणण्याची भीती नव्हती. पुरावा होता तो खरखरीचा. प्रत्येक सूर संपताना श्वासात बारीक खरखर येते. ती आयुष्यभराच्या साधनेशिवाय येत नाही, असं चाहत्यांतल्या एका जाणकारानं आलेख काढून सिद्ध केलं होतं. मंडळी त्याला श्वासशास्त्री म्हणत.

डॉक्टरांनी त्याच खरखरीला वेगळं नाव दिलं होतं.

वहिनीनं हे सगळं वाचलं, दिराला बोलावलं आणि पाटी पुढे केली. ‘माझं नाव घाल.’

“घालू की,” धाकटा म्हणाला. “पण आत्ता नको ना, वहिनी. लोक इतक्या प्रेमानं शोधतायत. विरस होईल त्यांचा.”

“शोधतायत कुठे?” तिचा नवरा म्हणाला. “सापडलीय त्यांना. चुकीची सापडलीय, एवढंच.”

“दादा, तुला यातलं कळत नाही.”

वहिनीनं पाटी पुसून पुन्हा लिहिलं. ‘परत गाता आलं असतं तर मागितलं नसतं.’

धाकट्यानं ते दोनदा वाचलं. “काय वाक्य आहे,” तो म्हणाला. “पुढच्या अल्बमला घेऊ?”

मग नवऱ्यानंच तिला चाहत्यांच्या मेळाव्याला नेलं. भाड्याचा हॉल, घडीच्या खुर्च्या, टेबलावर त्या थोर गायिकेचा फोटो आणि फोटोपुढे फुलं, बाई जिवंत असूनही.

“चौथ्या गाण्यातला आवाज हिचा आहे,” नवऱ्यानं सांगितलं.

“असं म्हणणाऱ्या या तिसऱ्या,” श्वासशास्त्री म्हणाला. माणूस सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली. “गाऊन दाखवाल थोडं?”

वहिनीनं गळ्याचा रुमाल सोडला. हॉलमधले बरेच लोक एकदम आपापल्या चपला बघू लागले.

श्वासशास्त्रीनं मात्र नजर हटवली नाही. “श्वास तर आहे ना,” तो म्हणाला. त्यानं माईक त्या भोकाजवळ धरला आणि लॅपटॉपवर उमटलेली रेघ बराच वेळ पाहिली. तिच्या नवऱ्याला वाटलं, झालं आता.

“जुळत नाही,” श्वासशास्त्री म्हणाला. “ही नुसती हवा आहे. खरखर कुठाय?”

“काढली,” नवरा म्हणाला. “ऑपरेशन करून.”

“हां,” श्वासशास्त्री म्हणाला आणि आणखी काही पुरावा आहे का, असं विचारलं. नव्हता.

दिवे मंद केले, चौथं गाणं लागलं. थोड्या वेळानं पुढच्या रांगेतली एक मुलगी वाकून आली. “काकू, जरा मागे बसाल का? तुमच्या श्वासाचा आवाज येतोय.”

“चल, घरी जाऊ,” नवरा म्हणाला.

वहिनीनं अंधारात चाचपडत लिहिलं, ‘संपू दे.’ मग ती उठून शेवटच्या रांगेत गेली, रुमाल भोकावर धरून बसली आणि स्वतःला शेवटपर्यंत ऐकत राहिली.

गाणं संपल्यावर सगळ्यांनी फोटोकडे बघून टाळ्या वाजवल्या. वहिनीनंही वाजवल्या. बाकीचे थांबले, तरी ती थांबली नाही. लोक मागे वळून बघू लागले. नवऱ्यानं तिचे हात धरायचा प्रयत्न केला, तिनं ते सोडवून घेतले.

“त्यांना आवडलेलं दिसतंय,” श्वासशास्त्री समाधानानं म्हणाला.