अबोल्यातली सलामी

संघात त्याला सगळे खुंटा म्हणत. एकदा खेळपट्टीवर रोवला गेला की उपटायला बैलजोडी लागायची, म्हणून. कसोटी सामन्यात नव्या चेंडूसमोर उभं राहणं हा त्याचा धंदा, आणि तो त्याने इतका चोख केला होता की परदेशातले निवृत्त गोलंदाजसुद्धा त्याचा विषय निघाला की आधी मान हलवत आणि मग बोलत. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू तो बिनदिक्कत सोडून द्यायचा. "बाहेरच्या चेंडूला बॅट लावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण," असं म्हणायचा. प्रेक्षक जांभया देत. पण त्याच्यामागून येणारे फलंदाज त्याला मनातून दुवा देत, कारण त्यांच्या वाट्याला यायचा तो मऊ पडलेला, दमलेला चेंडू.

दुसऱ्या टोकाला असायचा डावऱ्या. डावखुरा, हसतमुख, चेंडू जरा पुढे पडला की सीमेपार. जगातल्या उत्तम सलामीच्या जोड्यांत या दोघांना गणलं जाई. आणि हे दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत.

कारण घरगुती होतं. डावऱ्याने खुंट्याच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं होतं. खुंट्याचा विरोध नव्हता; विरोध आहे का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. एका दौऱ्याच्या तोंडावर दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या, आणि ती बातमी खुंट्याला परदेशात, पॅड बांधत असताना, यष्टिरक्षकाने दिली. सगळ्या संघाला ठाऊक, सख्ख्या भावाला नाही. त्या दिवशी तो मुकाट्याने मैदानात गेला, शतक ठोकून आला आणि डावऱ्याशी बोलणं कायमचं बंद केलं. बहिणीशी बोलायला लागला तोही वर्षभर रुसून. मग धाव घ्यायची तर हनुवटी वर, नको असेल तर तळहात पुढे. फारच नड पडली तर पाणी घेऊन आलेल्या राखीव खेळाडूला तो म्हणे, "त्या माणसाला सांग, चेंडू आत येतोय." तो माणूस शेजारीच उभा राहून पाणी पीत असे.

अशी वर्षं गेली. मग एका मोसमात खुंट्याच्या धावा आटल्या. मालिकेतला शेवटचा सामना राहिला होता, संघ मागे होता, आणि आदल्या दिवशी सराव संपल्यावर निवड समितीच्या अध्यक्षांनी त्याला खोलीत बोलावलं. अध्यक्ष एके काळी मधल्या फळीत खेळलेले. आता पोट सुटलेलं, बोलणं मात्र मऊ.

"हे बघ, लोकांना आता फटके बघायचे असतात," ते म्हणाले. "पाठ दुखते म्हणून सांग आणि मानाने निवृत्त हो. आपण मैदानावर सत्कार करू."

"माझी पाठ दुखत नाही."

"अरे, म्हणायला काय जातं?"

"दुखत नाही, आणि दाखवायची सवयही नाही," खुंटा म्हणाला. "तुम्हाला काढायचं तर काढा. पण काढलं असं म्हणा. हा आपणहून गेला, असं म्हणू नका."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "संघ उद्या सकाळी कळेल," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून बॅटच्या मुठीवर नवं रबर चढवत होता, तेव्हा बहीण आली. ती दातांची डॉक्टर. बोलताना मात्र भूल न देताच उपटायची.

"दादा, अध्यक्षांनी आज याला विचारलं, सलामीला नवा जोडीदार कोण हवा," ती म्हणाली. "हा म्हणाला, मला जोडीदार आहे. त्याला काढलंत तर सलामीला दोघं शोधा."

खुंट्याचा हात थांबला. "मला कुणाचे उपकार नकोत. सांग त्याला."

"उपकार कसले आलेत? दुसऱ्या कुणाबरोबर पळायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. तुझ्यावर विश्वास आहे त्याचा."

"मग लग्न करताना कुठे गेला होता तो विश्वास?"

"तेव्हा घाबरला. एवढाले गोलंदाज अंगावर येतात, त्यांना भीत नाही, तुला भ्यायला. आणि सांगू नकोस असं मी म्हटलं होतं, त्याने नाही. तू माझ्यावर रागवायचं ते सोडून सोयीचा माणूस पकडलास."

खुंट्याने रबर उलटं चढवलं होतं. ते त्याने ओढून काढलं. बहीण पाणी प्यायली आणि निघून गेली.

सकाळी संघात दोघांचीही नावं होती. उपकर्णधारालाच दुखावायची अध्यक्षांची तयारी नव्हती, आणि डावऱ्या उपकर्णधार होता. नाणेफेक हरली. आभाळ भरलेलं, खेळपट्टीवर हिरवं गवत. समोरच्या कर्णधाराने डोळे झाकून यांना फलंदाजी दिली.

त्यांच्या मुख्य गोलंदाजाला सगळे हातोडा म्हणत. ताडमाड उंच, आणि चेंडू थेट छातीवर आणायचा. पहिलाच चेंडू खुंट्याच्या बॅटची कड चाटता चाटता राहिला. दुसरा त्याने सोडला. तिसराही सोडला. ऑफ स्टंप कुठे आहे हे त्याला अंधारातही सांगता आलं असतं. धावफलक हलेना, तसे लोक संथ टाळ्या वाजवायला लागले. "आजोबा, झोप झाली का?" कुणीतरी ओरडलं. खुंट्याने गार्ड पुन्हा घेतला, मुद्दाम आणखी सावकाश.

मग हातोड्याचा एक चेंडू टप्पा पडून उसळला आणि खुंट्याच्या बरगडीत बसला. तो गुडघ्यावर आला. फिजिओ धावत आला, त्याने बोटाने चाचपलं.

"बरगडी गेली असणार. बाहेर चल."

"उभं राहता येतंय मला."

"श्वास घेता येतोय का?"

"तो घेतल्याशिवाय बोलतोय का मी?"

फिजिओ हात झटकून परतला. तेवढ्यात डावऱ्या चालत जवळ आला. तो असा कधी येत नसे. बॅट काखेत धरून जमिनीकडे बघत त्याने विचारलं, "बाहेर जातोयस?"

इतक्या वर्षांत त्याच्याकडून थेट आलेला हा पहिला प्रश्न. खुंट्याच्या छातीत कळ होती, आणि तिच्याखाली आणखी काहीतरी.

"जाऊ म्हणतोस?"

"मी काही म्हणत नाही. विचारतोय."

खुंट्याने पॅव्हेलियनकडे पाहिलं. काचेमागे अध्यक्ष बसले होते, पाठ टेकून. "नाही जात," तो म्हणाला. "पण हातोड्याची पुढची काही षटकं तू घे. मला जरा दम खाऊ दे."

आयुष्यात त्याने जोडीदाराकडे काही मागितलं नव्हतं. डावऱ्याने मान डोलावली. "घेतो. आणि दादा, तेव्हा मी येऊन सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं," खुंटा म्हणाला. "आता जा तुझ्या टोकाला. पंच घड्याळ बघताहेत."

डावऱ्याने हातोड्याला अंगावर घेतलं. एक दंडावर बसला, एक हेल्मेटला घासून गेला, पण तो हलला नाही. उपाहारापर्यंत गडी पडला नाही. दुपारी ऊन निघालं, चेंडू मवाळ झाला, हातोड्याची पावलं जड पडू लागली. मग डावऱ्याचे फटके सुटले. चहापानानंतर शतक करून तो बाद झाला. खुंटा दिवस संपेपर्यंत होता. प्रत्येक धावेला बरगडी बोंबलत होती आणि तो प्रत्येक धाव घेत होता. परतताना काही लोक उभे राहिले, काही राहिले नाहीत. त्याने कुणाकडेच पाहिलं नाही.

सामना संघाने जिंकला, मालिका बरोबरीत सुटली. बक्षीस समारंभात अध्यक्षांनी माईक हातात घेतला. "आज आपला एक थोर सलामीवीर आपला निरोप घेतोय," ते गहिवरून म्हणाले, आणि भलामोठा पुष्पगुच्छ घेऊन खुंट्याकडे वळले. मैदान टाळ्यांनी भरलं.

खुंट्याने गुच्छ घेतला नाही. माईक घेतला.

"अध्यक्षांचा काहीतरी गैरसमज झालाय," तो शांतपणे म्हणाला. "मी कुठेही चाललेलो नाही. बरगडी जुळली की सरावाला येणार आहे."

टाळ्या थांबल्या. अध्यक्ष गुच्छ धरून तसेच उभे. डावऱ्या पुढे आला आणि त्याने तो त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला. "फुलं मी नेतो घरी," तो म्हणाला. "बायकोला आवडतात."

पुढच्या दौऱ्याच्या संघात खुंट्याचं नाव नव्हतं, आणि डावऱ्याचं उपकर्णधारपद काढून घेतलं होतं. वर्तमानपत्रांत मात्र 'वगळले' असा शब्द आला. खुंट्याने तो दोनदा वाचला आणि त्याला बरं वाटलं. बरगडी जुळल्यावर तो भल्या सकाळी नेट्समध्ये गेला, शहराच्या संघातल्या सगळ्यात वेगवान गोलंदाजाला हाक मारली आणि म्हणाला, "नवा चेंडू काढ. जुन्यावर माझा सराव होत नाही."